एकदाच विचारायचं: नाशिक ते पुरी, तीन सायकली

नाशिकहून थेट पुरीला सायकलवर जायचं हे खूळ कुणाच्या डोक्यातून निघालं, असं लोक विचारतात तेव्हा मी सुनंदाचं नाव सांगते. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर, टपरीवर चहा पिताना ती म्हणाली, "ताई, आपला समुद्र मावळतीला. उगवतीला बी एक हाय ना? तिथवर सायकलनं जाता येतं का?" वैशालीनं तिथल्या तिथे फोनवर अंतर काढलं. साधारण पंधराशे किलोमीटर. सुनंदा म्हणाली, "मंग काय, लय नाय." आम्ही पोट धरून हसलो. हसता हसता तिघींच्याही मनात ते जाऊन बसलं.

आम्ही तिघी कोण ते आधी सांगते. मी मेधा, वय त्रेपन्न, इंदिरानगरला राहते, एका सरकारी कचेरीत अधीक्षक आहे. निम्मं आयुष्य परिपत्रकं काढण्यात गेलं. वैशालीचं आमच्याच कॉलनीत मेडिकलचं दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे एक गोळी आणि एक टोमणा असतो. सुनंदा मखमलाबादची. दोन एकरांत गुलाब आणि शेवंती. आमची ओळख झाली ती अपमानातून. आम्ही हेल्मेटं, हातमोजे घालून दम टाकत चाललेलो आणि मागून नऊवारीतली नव्हे, चांगली पंजाबी ड्रेसमधली ही बाई, कॅरियरला फुलांची करंडी बांधून, साध्या काळ्या सायकलवर आम्हाला मागे टाकून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी वैशालीनं तिला थांबवून नाव विचारलं. वर्षभरानं तिनं गियरची जुनी सायकल घेतली, तेव्हापासून तर आम्ही तिची पाठच बघत आलो.

आता नियमाबद्दल. तुम्ही मैत्रिणींबरोबर लांबच्या प्रवासाचा बेत करत असाल तर हे नीट वाचा.

गेल्या वर्षी आम्ही पेठला गेलो होतो, एका दिवसात जाऊन-येऊन. तिथे आम्हाला आमच्या संस्कारांनी मारलं. कुठे थांबायचं? "तुझं बघ." काय खायचं? "मला काहीही चालेल." वडे आले तर एकमेकींना इतका आग्रह, की पाचवा वडा वैशालीनं केवळ माझं मन राखायला खाल्ला आणि सावळघाटात तो रस्त्याच्या कडेला ओकून टाकला. परत येताना मी जाहीर केलं: पुढच्या प्रवासात आग्रह बंद. एकदाच विचारायचं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. जन्मभर पंगतीत आग्रह केला आणि सोसला, रस्त्यावर तरी नको. पुरी ठरल्यावर मी ते रीतसर टाइप करून ग्रुपवर टाकलं. दोघींनी अंगठे दाखवले.

सुनंदाचं निघणं आमच्यासारखं सोपं नव्हतं. मला साठलेली रजा होती, वैशालीचा मुलगा दुकान बघणार होता. सुनंदानं नवऱ्याला, दिराला, सासूला एकेक करून राजी केलं, तोडणीला दोन बायका लावल्या, संक्रांतीनंतरचे आणि लग्नसराईआधीचे नेमके दिवस शोधले. निघायच्या सकाळी आम्ही तिच्या दारात गेलो तेव्हा सासूबाई ओवाळत होत्या आणि ओवाळता ओवाळताच म्हणाल्या, "मालेगावातून माघारी येती का नाय बघा. पैज लावते." सगळे हसले. सुनंदा हसली नाही. "पुरीचा परसाद आणीन तवा बघा," ती म्हणाली. लग्न होऊन सव्वीस वर्षांत ती तीन दिवसांपेक्षा जास्त घराबाहेर राहिलेली नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला मुक्काम मालेगाव, शंभराच्या थोडं वर. चांदवडनंतरचा राहूड घाट सकाळी लवकर काढा, नंतर ट्रकच्या धुरात चढायला जीव नको होतो. सुनंदा घाटमाथ्यावर पोहोचून, आमची वाट बघत शेंगा सोलत बसली होती. दुसऱ्या दिवशी धुळ्याला उजवीकडे वळलो आणि पूर्वेचा तो लांबलचक हायवे सुरू झाला, जो ओडिशापर्यंत सोडायचा नव्हता. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. रस्ता चौपदरी, कडेची पट्टी बहुतेक ठिकाणी चांगली, पण गावांजवळ उलट्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकलींना सांभाळा. लॉजला तिघींची खोली सातशे-आठशेत मिळते. खोली बघितल्याशिवाय हो म्हणू नका आणि सायकली आत घेऊ देतील का, ते आधीच विचारा.

नियम मस्त चालला. "केळं हवं?" "नको." विषय संपला. "थांबायचं?" "हो." थांबलो. रोजचा तासभर वाचला असेल. मी इतकी खूश होते की हा नियम घरी जाऊन सासरच्या मंडळींनाही लागू करावा, असं बोलूनही गेले.

जळगावच्या पुढे एका शेतात भरीत पार्टी चालली होती. सायकलवरच्या तीन बायका बघून त्यांनी हाताला धरून आत नेलं. वांगी काडक्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. वाढणारी आजी अहिराणी बोलत होती. "खाय व माय, लाजू नको," म्हणत ती सुनंदाच्या पानावर भाकरी ठेवायला वाकली. सुनंदा पानावर हात आडवा धरून म्हणाली, "नको." आजीनं पुन्हा म्हटलं. पुन्हा नको. तिसऱ्यांदा आजीनं हात बाजूला सारून भाकरी ठेवलीच, आणि सुनंदानं ती अख्खी भाकरी इतक्या आनंदानं खाल्ली की मी वैशालीला कोपरानं ढोसलं. आम्ही दोघी हसलो. माझ्या अंगी अक्कल असती तर मी तिथे हसण्याऐवजी काहीतरी शिकले असते.

खामगाव, अकोला, अमरावती. वऱ्हाडात संत्री इतकी मिळाली की खिशातून, पिशवीतून, हेल्मेटमधूनसुद्धा निघत होती. नागपूरला आठव्या दिवशी पोहोचलो. भंडाऱ्यानंतर धानाची शेतं आणि तळी सुरू होतात आणि साकोलीच्या पुढे देवरीपर्यंत जंगल. पूर्ण प्रवासातला हा माझा सगळ्यात आवडता तुकडा. दोन्हीकडे उंच झाडं, खालून जनावरं जावीत म्हणून रस्ता पुलावर उचललेला, आणि थंडी अशी की नऊ वाजेपर्यंत कानटोपी काढवत नव्हती. इथेच एका चढावर मी पहिल्यांदा सुनंदाला मागे टाकलं. मला आधी अभिमान वाटला. मग मागे वळून बघितलं तर ती उजव्या पायानंच पायडल मारत होती.

राजनांदगावला डावा गुडघा सुजलेला होता. वैशालीनं फवारा मारला, पट्टी बांधली आणि सवयीनं टोमणाही मारला, "बघ, आम्हाला हरवायची शिक्षा." दुसऱ्या दिवशी रायपूर सत्तरेक किलोमीटर, सपाट रस्ता. आम्ही दुपारी दोनला पोहोचलो आणि सुनंदा संध्याकाळी पाचला. तिच्याबरोबर हळू चालवायचं कुणालाच सुचलं नाही असं नाही. मी एकदा विचारलं होतं, "थांबू का बरोबर?" ती म्हणाली, "नको, व्हा पुढं." नियमाप्रमाणे आम्ही पुढे झालो.

त्याच संध्याकाळी रायपुरातल्या डॉक्टरनं गुडघा दाबून बघितला. "टूटा-वूटा कुछ नहीं है. एक-दो दिन पैर को आराम दीजिए, फिर देखिए." फी घेताना त्यानं तिघींकडे बघून हात जोडले, "नासिक से? साइकिल से?"

आता जे सांगायचं आहे ते लिहायला मला दोन महिने लागले. कचेरीत मी एक सवय लावून घेतली आहे. साहेबांना खरी तारीख कधी सांगायची नाही, एक दिवस हाताशी ठेवायचा. या प्रवासातही मी तसंच केलं होतं. रोजच्या मुक्कामाचं पान मी आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकायची. पूर्ण तक्ता फक्त माझ्याजवळ होता आणि त्यात पुरीला एक दिवस जास्तीचा होता. दोघींना माहीत नव्हतं. मला चिलिका सरोवर बघायचं होतं. पोहोचल्यावर एकदम सांगून दोघींना चकित करीन, अशी माझी कल्पना होती.

रायपूरच्या सकाळी लॉजखालच्या हॉटेलात आम्ही पोहे-जिलेबी खात होतो. सुनंदा पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून बसली होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही व्हा पुढं. माझ्यापायी तुमचा खोळंबा नको. मी जाते गाडीनं नाशिकला."

मी विचारलं, "नक्की?"

"हां."

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या हातातला चमचा तसाच राहिला होता. मी म्हणाले, "बरं."

इतकंच झालं. माझ्याकडे एक दिवस होता, तो मी टेबलावर ठेवला नाही. ती बरी झाल्यावर सायकल बसच्या टपावर टाकून संबलपूरला आम्हाला गाठू शकली असती, हेही मी बोलले नाही. जळगावच्या शेतात तिचं नको किती वेळा नको असतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिनं गाडीनं जाते म्हटल्यावर मला आतून हलकं वाटलं. आता ठरल्या वेळी पोहोचू, असं वाटलं. त्या हलकेपणाची लाज मला आजही वाटते.

आम्ही निघालो तेव्हा ती लंगडत खाली आली. माझ्या कॅरियरची रबरी दोरी सैल होती, ती तिनं ओढून घट्ट बांधली. "जपून जा," म्हणाली. तिची सायकल स्टेशनवर पार्सलला लावून द्यायलाही आम्ही थांबलो नाही. ऊन चढायच्या आत चाळीस किलोमीटर काढायचे होते.

आरंगच्या पुढे महानदीचा रुंद पूल लागतो. फोटो काढायला थांबलो आणि फोनवरच्या चौकटीत दोघीच मावलो, तिसरीसाठी सरकून उभं राहायचं कारण नव्हतं. सराईपालीनंतर ओडिशा. दुकानांच्या पाट्या वाचता येईनाशा झाल्या, पण माणसं हातवारे करून जेवू घालतात. डाळीत भाज्या घातलेला डालमा आणि भात, पोटभर, साठ-सत्तर रुपयांत. संबलपूर ते अंगुल जंगलाचा भाग आहे, रस्ता सुरेख, पण पाणी दोन बाटल्या जास्त ठेवा आणि अंधाराच्या आत बाहेर पडा. मी ग्रुपवर रोज फोटो टाकत होते. सुनंदा रोज अंगठा पाठवत होती. तो अंगठा नाशिकमधून येतोय असं मी धरून चालले होते. पोहोचलीस का, असा एक मेसेज मी दुसऱ्या दिवशी टाकला, त्यालाही अंगठाच आला.

अंगुलला छेनापोडो, म्हणजे भाजलेल्या पनीरची मिठाई, खाताना वैशालीनं अचानक विचारलं, "ती ते मनापासून म्हणाली होती का गं?"

"नियम तिनंही मान्य केला होता," मी म्हणाले.

"मी नियमाचं विचारलं नाही."

मी तिला आणखी एक तुकडा हवा का विचारलं. तिनं ताटली बाजूला सारली.

पिपिलीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत कापडाच्या छत्र्या आणि कंदील टांगलेले असतात. तिथून पुरी चाळीसच्या आत. दुपारी आम्ही समुद्रावर पोहोचलो. पंधराशेहून अधिक किलोमीटर, सतरा दिवस. सायकली वाळूत ढकलत पाण्यापर्यंत नेल्या. शेजारच्या बंगाली कुटुंबानं टाळ्या वाजवल्या. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण मला फक्त भूक लागली होती.

संध्याकाळी मी वैशालीला चिलिकाचं सांगितलं. अजून पूर्ण एक दिवस आहे, उद्या जाऊ, बोट ठरवते.

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "म्हणजे हा दिवस तुझ्याकडे रायपूरला होता?"

"होता."

"आणि तू पोहे खात बसलीस."

दुसऱ्या दिवशी ती खोलीतच राहिली. मी बसनं चिलिकाकाठच्या सातपाड्याला गेले आणि बोटीत दुसऱ्या लोकांबरोबर बसले. जाणार असाल तर सकाळी लवकर जा, बोटवाल्याशी भाव आधी ठरवा, टोपी न्या. डॉल्फिन दिसले, दोन. पाठी वर आल्या आणि गेल्या. बोटीतली सगळी माणसं ओरडत होती आणि मी घड्याळ बघत होते, कधी एकदा परततो म्हणून.

नाशिकला उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मी प्रसाद घेऊन मखमलाबादला गेले. सुनंदा पडवीत शेवंतीच्या जुड्या बांधत होती. गुडघा बरा होता. सासूबाईंनी प्रसाद कपाळाला लावला आणि मोठ्यांदा म्हणाल्या, "आमची सून निम्म्यातनंच माघारी आली. तरी पैज मीच हारले, मालेगावाच्या लयच पुढं गेली." त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता. पण मळ्यातल्या बायका हसल्या, आणि हे हसणं आता कायमचं इथे राहणार, हे मला दिसलं.

मग त्या सहज पुढे म्हणाल्या, "तीन रोज रायपुरातच बसून व्हती की. आम्ही म्हटलं, पाय एवढा दुखतोय तर गाडीत का बसत नाय बाई?"

मी सुनंदाकडे बघितलं. "तीन दिवस?"

सासूबाई चहा करायला आत गेल्या. सुनंदा जुडी बांधत राहिली. "दुसऱ्या दिशी सूज उतरली ताई. मी सायकल धुतली. खाली गल्लीत चार फेऱ्या मारून बघितल्या. बसस्टँडवर जाऊन विचारून आले, संबलपूरच्या गाडीच्या टपावर सायकल घेतो म्हणला कंडक्टर. म्हटलं, ताईंचा फोन आला का निघायचं."

"अगं मग तू का नाही केलास फोन?"

"मी कशी करू? मीच जाते म्हणले व्हते." तिनं दोरा दातानं तोडला. "पावणा एकदा नको म्हणला म्हणून आपण त्याच्या म्होरलं ताट उचलतो का? मला वाटलं, तुम्ही रागावाल. म्हणाल, असं कसं जातीस, चार शिव्या घालाल. तुम्ही बरं म्हणाल्या."

"नियम होता ना गं," मी म्हणाले. माझ्या तोंडून ते इतकं केविलवाणं आलं की मलाच ते ऐकवेना.

"नियम वड्याचा व्हता ताई."

मी हाताशी ठेवलेल्या दिवसाचंही तिला सांगितलं. न सांगता उठता आलं असतं, पण नाही उठले. तिनं ऐकून घेतलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "बघितलं का मंग चिलिका?" मी हो म्हणाले.

मग मी सुरुवात केली. पुढच्या जानेवारीत जाऊ. रायपूरपासून निघू, त्याच बसस्टँडवरून, तू म्हणशील तेवढंच रोज चालवू. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, वैशाली पण येईल, मी तुझ्या घरच्यांशी बोलते, सासूबाईंच्या पाया पडते. ती मान हलवत राहिली. मी तिसऱ्यांदा तिचे हात धरले, शेवंतीसकट, आणि म्हटलं, तू आल्याशिवाय मी जाणार नाही, तुला यावंच लागेल.

तिनं हात सोडवून घेतले नाहीत. "एकदाच सुटले व्हते मी," ती म्हणाली. "सगळ्यांच्या पाया पडून. आता परत विचारायला माझीच जीभ रेटत नाय. हे खरं नको हाय ताई."

आतून कपबशांचा आवाज येत होता.

"हेच रायपुरात एकदा म्हणाल्या असत्या," ती म्हणाली, "तर एका पायानं आले असते."